मांजराचा ताण ओळखा, वेळीच उपचार करा

मांजर आडवे गेले की दोन पावले मागे येणाऱ्या माणसाला मांजराच्या मनातील भीतीची मात्र फारशी कल्पना नसते. कुत्रा घाबरला की केकाटतो, मालकाला बिलगतो. मांजर गप्प बसते. निसर्गात ते शिकारी असले तरी स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य असल्याने दुखणे व भय लपविणे हा त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे घरातील माणसांच्या लक्षात येईपर्यंत ताणाचे रूपांतर आजारात झालेले असते.

लक्षणे कोणती?

एरवी अंगणात किंवा गॅलरीत रमणारे मांजर पलंगाखाली दडून बसणे, खाणे कमी होणे, पोटाची किंवा मांडीची लव गळेपर्यंत अंग चाटत राहणे, विनाकारण पंजा मारणे ही ताणाची ठळक लक्षणे होत. सर्वाधिक तक्रार असते ती लिटरचा ट्रे सोडून गादीवर वा कपड्यांवर लघवी करण्याची. अनेक घरांत हा खोडसाळपणा समजून मांजराला मारले जाते. वस्तुतः ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन वेदना होत असल्यानेही मांजर असे करते. मार दिल्याने भीती वाढते आणि आजारही.

बोक्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो वारंवार बसून जोर करीत असेल आणि लघवी होत नसेल, तर मार्ग बंद झाल्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था आहे. रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. त्याचप्रमाणे मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यास यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते.

कारणे

मांजर माणसाइतकेच जागेवर जीव लावते. घर बदलणे, रंगकाम, नवे बाळ, पाहुण्यांची वर्दळ, दुसरे मांजर आणणे यांतील कोणतेही कारण पुरेसे ठरते. दिवाळीतील फटाके हे आपल्याकडचे मोठे कारण. माणसाला जास्तीत जास्त २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराला ६० हजार हर्ट्झच्याही पलीकडचे.

घरी काय करता येईल?

लपण्याची जागा हा सर्वांत स्वस्त उपचार. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पुठ्ठ्याचे खोके मिळाले, ती इतरांपेक्षा लवकर रुळली. दिवाळीपूर्वी चार-आठ दिवस आधीच आतली एक खोली निवडून तेथे खोके, पाणी, खाणे व ट्रे ठेवावा. आतषबाजीच्या वेळी खिडक्या बंद ठेवाव्यात. घाबरलेले मांजर गॅलरीतून उडी मारते. दडलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये.

जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे अधिक असावा आणि तो खाण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. उंचावर बसण्यासाठी फळी, नखे घासण्यासाठी सुतळी गुंडाळलेला खांब आणि रोज ठरावीक वेळी थोडा खेळ यांचा चांगला उपयोग होतो. लघवीची जागा फिनाइलने पुसू नये. ते मांजरांना विषारी असते. साबणाच्या पाण्याने धुऊन जागा कोरडी करावी.

औषधोपचार

घरगुती उपायांनी फरक न पडल्यास आधी लघवी व रक्ताची तपासणी करून शारीरिक आजार नाही ना, याची खात्री करावी लागते. मांजर गाल घासून वस्तूंवर जो गंध सोडते, त्याचे कृत्रिम रूप डिफ्यूझरच्या स्वरूपात मिळते. मात्र प्रत्येक मांजराला त्याचा गुण येतोच असे नाही. प्रवास किंवा दवाखान्यातील भेटीआधी पशुवैद्य गॅबापेन्टिन देतात. दीर्घकाळच्या चिंतेवर फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे वापरली जातात. त्यांचा परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात व ती अचानक थांबविता येत नाहीत.

माणसांच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉल पचविण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

मांजराची तक्रार शब्दांत येत नाही. ती येते रिकाम्या न झालेल्या ताटलीतून आणि ओल्या गादीतून. ती वाचता आली, तर निम्मा उपचार घरातच होतो.