शितोळे : एका आडनावाची व्युत्पत्ती, इतिहास आणि विस्तार

आडनावांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन निरनिराळ्या वाटांनी झालेला आहे. कुलवृत्तान्तांचे लेखक आडनाव हाती येताच त्याच्या साहाय्याने थेट एखाद्या प्राचीन राजवंशापर्यंत पोहोचतात. तर शब्दांची फोड करणारे अभ्यासक ते आडनाव कोणत्या गावी, कोणत्या हक्कासाठी आणि कोणत्या कागदात लिहिले गेले, याकडे फारसे पाहत नाहीत. परिणामी शब्दाचे मूळ, कुळाचे मूळ आणि आडनावाचा विस्तार हे तीन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. या प्रत्येक प्रश्नाचा पुरावा वेगळा असून एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू करता येत नाही, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाने दाखवावयाचे आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील पाटस व कुसेगाव या गावी ठळकपणे आढळणारे ‘शितोळे’ हे आडनाव निवडले असून, भीमेपलीकडील शिरूर तालुक्याची ग्रामनामे तुलनेसाठी घेतली आहेत.

१. आडनाव आणि कागद

‘आडनाव’ म्हणजे मुख्य नावाला आडवे जोडलेले दुसरे नाव. कन्नडातील ‘अड्डहेसरु’ या शब्दाची घडण हुबेहूब अशीच आहे. हे दुसरे नाव दैनंदिन व्यवहारात नेहमीच लागत असे, असे नाही. गावात माणूस त्याच्या नावाने, बापाच्या नावाने किंवा धंद्याने ओळखला जाई. आडनाव निश्चितपणे लागे ते वंशपरंपरागत हक्क सिद्ध करताना. महजर, निवाडा, करीना अशा कागदांत ‘अमुक बिन तमुक’ यापुढे आडनाव, त्यापुढे हुद्दा आणि गाव किंवा परगणा असा क्रम असतो. वतनाची तक्षीम कोणास मिळावी, पानाचा मान थोरल्या पातीचा की धाकट्या पातीचा, हे ठरविताना आडनाव हे पुराव्याचे अंग बनते.

यातून एक महत्त्वाची मर्यादा उत्पन्न होते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि मिरासदार यांची आडनावे जुन्या कागदांत विपुल आहेत. उपरी कुळांची आणि हक्कावाचून राबणाऱ्यांची फार थोडी. एखादे आडनाव जुन्या दप्तरात वारंवार येते, यावरून ते धारण करणारे लोक संख्येने अधिक होते, असे अनुमान करता येत नाही. त्यांच्यापाशी भांडण्याजोगे वतन होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

२. शब्दाची परीक्षा

आता ‘शितोळे’ या शब्दाकडे वळू. शेवटचा ‘ए’ हा आदरार्थी बहुवचनाचा आहे. काळा-काळे, गोरा-गोरे यांप्रमाणे मूळ रूप ‘शितोळा’ असे मानावे लागते. अशा एकवचनी रूपाचा अवशेष शिरूर तालुक्यातच पाहावयास मिळतो. ‘मांडवगण फराटा’ या गावातील मंडळींचे आडनाव ‘फराटे’. परंतु ग्रामनामात ‘फराटा’ हे एकवचनच टिकून राहिले आहे. माणसाला आदरार्थी प्रत्यय लागला, गावाला लागला नाही.

आरंभीचा ‘शि’ मूळच्या ‘शि’पासून आला की ‘सि’पासून, हे केवळ मराठी रूपावरून ठरत नाही, कारण मराठीत इ-ईपूर्वीच्या ‘स’चा ‘श’ होतो. ‘सीमा’पासून ‘शीव’, ‘सिक्थ’पासून ‘शीत’ ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. शिवाय मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळला जात नसल्याने ‘शितोळे’ आणि ‘शीतोळे’ असा भेद जुन्या कागदांच्या आधारे करता येणार नाही.

मधला ‘त’ मात्र निर्णायक आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ‘त’ प्राकृतात लोप पावतो. ‘शीतल’पासून ‘सीअल’ आणि त्यावरून मराठीत ‘शिळा’ होतो. म्हणून ‘शितोळे’ हे ‘शीतल’चे तद्भव रूप मानता येत नाही. मराठी तद्भव शब्दात मध्ये ‘त’ टिकला असेल तर त्यामागे जोडाक्षर असावे लागते : सप्त-सत्त-सात, मौक्तिक-मोत्तिअ-मोती, सिक्थ-सित्थ-शीत. या आडनावाचा पूर्वभाग भाताच्या कणाचा वाचक जो ‘शीत’ शब्द, त्याच्याशी ध्वनिदृष्ट्या जुळतो. उत्तरभागातील ‘ओळा’ हा वाटोळा, लांबोळा यांतल्याप्रमाणे विशेषण घडविणारा घटक असू शकतो. आडनावे टोपणनावांवरून पडत असल्याने अशी रचना अस्वाभाविक नाही. ‘ढमढेरे’ या आडनावातील ‘ढेर’ ऐकताच पोटाची आठवण व्हावी, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी शक्यता ग्रामनामाची. ‘पल्ली’ या शब्दापासून मराठीत ‘-ओली’ झाले. पुण्याहून शिरूरकडे जाताना लागणारी वाघोली आणि शिरूर तालुक्यातील मोरांसाठी प्रसिद्ध असलेली चिंचोली ही परिचित उदाहरणे होत. मग एखाद्या ‘शितोली’ गावावरून हे आडनाव आले असेल काय? येथे ‘ळ’ आडवा येतो. मराठीत एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होतो आणि दुहेरी ‘ल्ल’चा ‘ल’ राहतो. ‘काल’पासून ‘काळ’ झाला, तर ‘कल्य-कल्ल’पासून ‘काल’. ‘पल्ली’मध्ये ‘ल्ल’ असल्याने तिच्यापासून ‘-ओली’च व्हावी, ‘-ओळी’ होऊ नये. ‘शितोळे’तील ‘ळ’ हा ‘वर्तुल’पासून झालेल्या ‘वाटोळा’तील ‘ळ’च्या जातीचा आहे.

तिसरी कल्पना राजवंशाची. शहाण्णव कुळींना उत्तरेकडील वंश जोडण्याची जी प्रथा आहे, तिला अनुसरून ‘शितोळे’ हे ‘सिसोदिया’चे रूपांतर म्हणण्याचा मोह होतो. परंतु दोन स्वरांमधील ‘स’चा ‘त’ करणारा कोणताही नियम मराठीच्या इतिहासात नाही. ‘ळ’ होतो तो मूर्धन्य ‘ड’चा (षोडश-सोळा, तडाग-तळे), दन्त्य ‘द’चा नव्हे. शिवाय ‘सिसोदे’ हे आडनाव मराठीत स्वतंत्रपणे नांदत आहे. यावरून कुळाच्या पूर्वजांविषयी अनुकूल वा प्रतिकूल काहीच सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एखादे घराणे कोठूनही आलेले असू शकते. त्याचे आडनाव त्या स्थलांतराचा पुरावा होऊ शकत नाही, एवढेच भाषाशास्त्र सांगते.

३. गावावरून आडनाव, आडनावावरून गाव

‘कर’-प्रत्ययान्त आडनावांत गावाचे नाव माणसाला मिळते. शिरूर-दौंड भागात याच्या उलट प्रवासाची उदाहरणे आहेत. पुणे जिल्ह्यात दोन तळेगावे : मावळातील तळेगाव दाभाडे व शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे. नाव एकच असल्याने ओळखीसाठी तेथील प्रमुख घराण्याचे आडनाव पुढे जोडले गेले. मांडवगण फराटा या नावाची गरजही अशीच आहे. श्रीगोंदे तालुक्यात दुसरे मांडवगण आहेच.

परंतु ओळखीची खूण नेहमी आडनावाचीच असते असे नाही. रांजणगाव गणपती येथे ती दैवताची आहे, आलेगाव पागा येथे घोड्यांच्या पागेची, चिंचोली मोराची येथे पक्ष्याची. गणेगाव खालसा आणि गणेगाव दुमाला ही जोडी तर महसुली परिभाषेतून आली : ज्याचा वसूल सरकारात येई ते खालसा, ज्याचा वसूल दुसऱ्यास लावून दिलेला ते दुमाला. दौंड तालुक्यात देऊळगाव राजे आणि देऊळगाव गाडा अशी जोडी आहे.

या पार्श्वभूमीवर ‘पाटस शितोळे’ असे ग्रामनाम का घडले नाही, याचे उत्तर सहज मिळते. परिसरात दुसरे पाटस नव्हते. त्यामुळे खुणेची आवश्यकताच पडली नाही. तेव्हा ग्रामनामात आडनाव असणे हे घराण्याच्या थोरवीचे आणि नसणे हे त्याच्या गौणत्वाचे गमक मानणे चुकीचे होईल. नकाशावरील आडनाव प्रथमतः संदिग्धता टाळण्यासाठी आलेले असते.

४. देशमुखी आणि देशांतर

शितोळे घराण्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात मुख्यतः पुणे परगण्याच्या देशमुखीमुळे येते. देशमुख हा परगण्याच्या वसुलीचा वंशपरंपरागत अधिकारी असल्यामुळे त्याचा संबंध एका गावापुरता राहत नसे. या हुद्द्यामुळे आडनावावर एक विशेष परिणाम झाला : कित्येक ठिकाणी हुद्दाच आडनावाची जागा घेऊ लागला.

याचे बोलके उदाहरण लाडोजी शितोळे यांचे आहे. महादजी शिंदे यांची कन्या बाळाबाई लाडोजींना दिली होती. १७८७ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिर दिल्लीवर चालून आला, त्या वेळी शाह निजामुद्दीन याच्याबरोबर महादजींचे हे जावईही दिल्लीत होते. त्या प्रसंगाच्या इंग्रजी वर्णनांत त्यांचा उल्लेख ‘देशमुख’ या नावाने येतो. केवळ आडनावांची सूची करून शितोळ्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीस हा उल्लेख पडणारच नाही. उलटपक्षी, जेथे जेथे ‘देशमुख’ दिसेल तेथे शितोळे मानणारा अभ्यासक महाराष्ट्रातील असंख्य देशमुख घराण्यांचा घोटाळा करील. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायले हे खरेच; परंतु तेथवर जाताना स्वारांची नावे बदलली, हेही तितकेच खरे.

या विवाहसंबंधाने व शिंद्यांच्या सेवेने हे आडनाव ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यांत रुजले. दक्षिणेकडे त्याचे दुसरे ठाणे अंकली येथे आहे. हे गाव आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी आळंदीस येतात आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे चालतात. पालखी सोहळ्याला आजचे स्वरूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे पूर्वी शिंद्यांच्याच सेवेत होते, हे लक्षात घेतले म्हणजे अंकली, ग्वाल्हेर आणि आळंदी ही तीन स्थळे एका सूत्रात येतात. ज्या पाटसमध्ये शितोळ्यांची दाट वस्ती, तेथून मात्र पालखी जाते ती तुकोबारायांची. यवत, वरवंड, पाटस आणि रोटीचा घाट हा तिचा मार्ग. यावरूनही असे दिसते की, सोहळ्यातील मान आडनावाच्या दाटीशी बांधलेला नसून विशिष्ट शाखेच्या इतिहासाशी बांधलेला असतो.

५. आजचा विस्तार

आज हे आडनाव दौंड तालुक्यातील पाटस-कुसेगाव परिसर, पुणे शहर, पिंपरी-चिंचवडमधील जुनी सांगवी, अंकली आणि ग्वाल्हेर अशा ठिकाणी ठळकपणे आढळते. या सर्व ठिकाणांच्या विस्ताराचे कारण एकच नाही. पाटस-कुसेगाव येथे भावकीची व शेतीची सलग वस्ती आहे. पुणे शहराशी देशमुखीचा संबंध. ग्वाल्हेरास सोयरीक आणि लष्करी सेवा. तर अंकलीस सरदारकीचे ठाणे. अलीकडच्या काळात शिक्षण व कारखानदारीमुळे झालेले स्थलांतर या जुन्या थरांवर पसरलेला नवा थर होय.

लेखनातही हा विस्तार उमटला आहे. कन्नडात ‘ळ’ वर्ण असल्यामुळे अंकलीस आडनावाचा उच्चार अबाधित राहिला. हिंदीच्या प्रमाण वर्णमालेत ‘ळ’ नसल्यामुळे ग्वाल्हेरकडे ‘शितोले’, ‘सितोले’ अशी रूपे झाली. रोमन लिपीत तर ‘ल’ आणि ‘ळ’ हा भेदच राहत नाही. अशा लिप्यंतरावरून परत देवनागरीत आलेले ‘शितोले’ हे निराळे आडनाव मानले तर एक कुळ दोन होईल; आणि ‘ळ’ गेला हे न ओळखता ‘पल्ली’पासून व्युत्पत्ती काढली तर एक गाव कल्पनेतून जन्मास येईल.

६. अभ्यासाची दिशा

परगणा वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, आणि तो कायदा १ मे १९५१ पासून अमलात आला. महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले. ज्या हक्कांसाठी आडनाव कागदावर चढले होते, ते हक्क गेले. आडनाव मात्र शाळेच्या दाखल्यात, सातबाऱ्यावर आणि मतदारयादीत राहिले. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी मोडी कागदपत्रे शासकीय पातळीवर तपासली जाऊ लागल्याने या अभ्यासाला नवे व्यावहारिक महत्त्व आले आहे. एका वेलांटीचा किंवा एका ‘ळ’चा अर्थ कसा लावावा, यावर आता घराघरांचे हितसंबंध अवलंबून आहेत. अशा वेळी नादसाम्यावर विसंबणे कोणासही परवडणारे नाही.

या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून प्रत्येक आडनावासाठी तीन स्वतंत्र टिपणे ठेवावीत. पहिल्यात फक्त शब्द : त्याची सर्व लिखित रूपे, गावातील प्रत्यक्ष उच्चार आणि ध्वनिनियमांची कसोटी. दुसऱ्यात फक्त कुळ : देवक, भावकी, सोयरसंबंध आणि कागदांतील ‘बिन’ची साखळी. तिसऱ्यात फक्त स्थळ : गाव, तेथे येण्याचे कारण आणि त्याचा काळ. ही तीन टिपणे स्वतंत्रपणे पूर्ण झाल्यानंतरच ती शेजारी ठेवून वाचावीत. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकाच भांड्यात शिजला असेल तर. पाटस, अंकली आणि ग्वाल्हेर येथील शितोळे एकाच भांड्यातले आहेत काय, हे आडनाव स्वतः सांगू शकत नाही. ते त्या त्या शाखेच्या कागदांनाच विचारावे लागेल. शिरूर तालुक्यातील ढमढेरे आणि फराटे या आडनावांनाही हीच पद्धत लावली, तर भीमेच्या दोन्ही थडींवरील वतनदारी समाजाचे अधिक विश्वसनीय चित्र हाती येईल.