व्योम, दादा आणि गच्चीवरचा अँटेना

मागच्या रविवारी माझ्याकडून एक चूक झाली. ही चूक सुधारायला मला अख्खा आठवडा लागला, आणि त्या खटाटोपातून हा लेख निघाला.

झालं असं. आम्ही सगळे सिल्व्हर पार्कच्या घरी जमलो होतो. पुतणी मोबाईलवर कुठलीतरी नवीन सायन्स फिक्शन सिरीज बघत होती. दादा तिच्या मागे उभं राहून पाच मिनिटं बघत होता, मग म्हणाला, "आमचा कॅप्टन व्योम याच्यापेक्षा भारी होता." तिला अर्थातच व्योम कोण ते माहीत नव्हतं. मी लगेच नेटवर जुना एक भाग शोधून लावला. आणि मग मी (आयटीवाला ना!) सुरू झालो. हे बघ ग्राफिक्स, हे बघ मागचं बॅकग्राऊंड, हे यान म्हणजे व्हिडिओ गेमपण नाही... पुतणी खो खो हसली. मीही हसलो. दादा काही बोलला नाही. "पाणी येईल आता," म्हणून उठून आत गेला. पाणी यायला अजून तासभर होता.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' दूरदर्शनवर आली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि मी पाळण्यातून नुकताच उतरलो होतो. म्हणजे त्या मालिकेचा मी साक्षीदार आहे, पण कामाचा नाही. तर ज्याने ती बघितली त्याला त्यात नक्की काय आवडत होतं, हे न विचारताच मी निकाल देऊन मोकळा झालो. असो.

आता थोडं मागे जाऊ. विज्ञानकथा ही आपल्याकडे टीव्हीबरोबर आलेली गोष्ट नाही. मराठी माणसाला तिची ओळख शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ज्यूल व्हर्न मराठी मासिकांतून यायला लागला होता. पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी'सारखी पुस्तकं करून व्हर्नला मुलांच्या दप्तरात नेऊन ठेवलं. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. ज. वि. ना. उलट केलं की ना. वि. ज.! नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून हा उपद्व्याप. कथेला बक्षीस मिळालं, आणि १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. नारळीकर पुढे स्वतःच २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा दादाने मला रात्री फोन करून फक्त एवढंच विचारलं, "यक्षांची देणगी तुझ्याकडे आहे का रे?" ते पुस्तक माझ्याकडे होतं, त्याचंच होतं.

सांगायचा मुद्दा, वाचणाऱ्या घरांत अवकाश आधीच पोचलेलं होतं. प्रश्न होता ते डोळ्यांनी बघण्याचा.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. वरळीचा तो ३०० मीटरचा टॉवर, आणि त्याच्याकडे तोंड करून उभे असलेले गच्च्यांवरचे अँटेने. १९७५-७६ मध्ये 'साइट'चा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या साधारण २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम होते, शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचे होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे कितीतरी गावांत टीव्ही हाच मुळात अवकाशातून आला! मग १९८२ मध्ये रंग आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला, आणि एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा स्वतःच वर जाऊन आले.

याच दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. अमेरिकेत ते १९६६ ते १९६९ मध्ये होऊन गेलेलं, आपल्याकडे निवांत पोचलं. बाबा तेव्हा लालबागला चाळीत राहायचे. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, पंधरा-वीस पोरं दारात. बाबा म्हणतात, "इंग्रजी कळायचं नाही काही. पण तो टोकदार कानवाला शांत असायचा ना, तो आवडायचा. सगळे ओरडतायत आणि हा शांत." स्पॉकचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याच समीक्षेत वाचलेलं नाही. :)

मग आलं १९८९. त्या वर्षी दूरदर्शनवर दोन मालिका आल्या, आणि दोन्हींचे चाहते आज पन्नाशीकडे झुकलेत. एक 'इंद्रधनुष', आनंद महेंद्रूंची. पोरं घरीच कॉम्प्युटर जुळवतात आणि त्यातून परग्रहावरचा पाहुणा, काळातला प्रवास वगैरे सगळं सुरू होतं. कलाकारांची नावं आज वाचली तर गंमत वाटते. करण जोहर, उर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर, आणि मोठ्यांमध्ये गिरीश कार्नाड. दुसरी 'स्पेस सिटी सिग्मा'. अंतराळातली वसाहत, चकचकीत कपडे आणि झखाकू नावाचा खलनायक, ज्याचं नाव घेतलं तरी माझ्या ऑफिसमधले सीनियर आर्किटेक्ट अजून हसतात.

मी त्यांनाच विचारलं, सर, तुम्हाला 'इंद्रधनुष'मध्ये काय आवडायचं? त्यांचं उत्तर ऐकून मी गप्प झालो. म्हणाले, "परग्रहवासी वगैरे ठीक आहे रे. मला तो कॉम्प्युटर आवडायचा. मी तोपर्यंत खरा कॉम्प्युटर बघितलाच नव्हता. आणि ती मुलं तो घरी बनवत होती!" विचार करा. सरकारने १९८४ च्या सुमारास 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते, पण बहुतेक मुलांच्या शाळेत कॉम्प्युटर म्हणजे कुलूप लावलेली खोली, नाहीतर तीही नाही. म्हणजे आपण ज्याला मालिकेतलं साधं नेपथ्य समजू, तेच त्या मुलासाठी सगळ्यात मोठं आश्चर्य होतं.

आता १९९८. तेव्हा मीरा-भाईंदर ही नगरपालिका होती, महानगरपालिका व्हायची होती (ती २००२ मध्ये झाली). आमचे लोक लालबाग सोडून नुकतेच इथे आले होते. मीठागरं, खाजण, अर्धवट इमारती आणि पाण्याचा टँकर. बाबांचं काशिमिऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात लेथचं काम. केबल घ्यायची नाही असा बाबांचा हुकूम होता. कारण म्हणून अभ्यास सांगितला जायचा, खरं कारण पैसे. म्हणून गच्चीवर अँटेना, आणि अँटेना फिरवायला दादा. वरळी आमच्यापासून दक्षिणेला. वारा आला की अँटेना हलायचा, दादा वर जायचा, आई खिडकीतून ओरडायची, "आलं... आलं... गेलं... थांब, तसाच धर!"

'कॅप्टन व्योम' केतन मेहतांची. त्यांनी त्याआधी 'मिर्च मसाला' केलेला, म्हणजे हा माणूस काही पोरखेळ करायला आलेला नव्हता. कथा बाविसाव्या शतकातली. पृथ्वीवर एकच जागतिक सरकार आहे, टॉम ऑल्टर त्याचे विश्वप्रमुख. तुरुंगातून बारा खतरनाक गुन्हेगार पळतात आणि त्यांना पकडायची जबाबदारी व्योमवर. व्योम झाला होता मिलिंद सोमण. आपला मुंबईचा मराठी माणूस, राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, आणि इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगचा डिप्लोमावाला! (हे कळल्यावर मला उगाच अभिमान वाटला.)

वर्षही लक्षात घ्या. मे १९९८ मध्ये पोखरण झालं. वर्तमानपत्रांत वाय-टू-के यायला लागलं होतं, गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागत होते. दूरदर्शनवर १९९७ पासून 'शक्तिमान' तुफान चालू होताच. दोघांत मला एक मोठा फरक दिसतो. शक्तिमानची ताकद योगसाधनेतून आलेली, ती आपल्या पुराणांच्या ओळखीची. व्योमकडे वरदान नव्हतं. त्याच्याकडे यान, हत्यारं आणि सोबतची माणसं. म्हणजे ही ताकद शिकून मिळवता येण्यासारखी होती. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक शब्दांत सांगता येत नाही, पण कळतो.

या शनिवारी मी दादाकडे गेलो, दोन वडापाव घेऊन. टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि म्हटलं, "चल, व्योम बघू. मी बोलणार नाही." आम्ही दोन भाग सलग बघितले. दादा मधेच म्हणाला, "यान याच्यापेक्षा मोठं होतं रे." मी म्हटलं, तेच आहे. "नाही, मला आठवतंय ना, खिडकीतून पूर्ण मावायचं नाही."

आणि तिथे मला उत्तर सापडलं. आमचा टीव्ही चौदा इंची, पडद्यावर अर्ध्या मुंग्या. म्हणजे चित्राचा अर्धा भाग दादाच तयार करत होता! दर आठवड्याला एक भाग, पुढचे सहा दिवस बिल्डिंगखाली पोरं तो भाग खेळायची. पाण्याच्या टाकीवर यान, रेतीचा ढीग म्हणजे परग्रह. एका आठवड्यात संपलेली मालिका आणि पुढच्या आठवड्यातली मालिका यांच्या मधलं सगळं चाहते स्वतः लिहायचे. आत्ताची 'ओके कॉम्प्युटर' (२०२१) मी एका रात्रीत संपवली. छान होती. पण तिच्यात मला भर घालायला जागाही नव्हती आणि वेळही.

मग मी एक हिशोब केला, सवयीने. आपल्या टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम लागतात. म्हणजे एक मिनिटाच्या अवकाशदृश्याला १५०० फ्रेम. समजा त्या काळच्या मशीनला एक फ्रेम रेंडर करायला दहा मिनिटं लागली, तर १५,००० मिनिटं, म्हणजे २५० तास. एक मशीन जवळजवळ साडेदहा दिवस रात्रंदिवस चालणार, एका मिनिटासाठी! एक फ्रेम ७२० बाय ५७६ ची, न दाबता ठेवली तर साधारण सव्वा एमबी. १५०० फ्रेमचे झाले पावणेदोन जीबीच्या वर. तेव्हा घरच्या पीसीची अख्खी हार्ड डिस्क दोन-चार जीबीची असायची. एका प्रकाशाची दिशा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आणि एपिसोडची तारीख ठरलेली. मी रोज डेडलाईनबद्दल रडतो, पण ज्या पोरांनी हे काम केलं त्यांच्यासमोर मी गेल्या रविवारी हसायला नको होतं.

हिशोब दादाला सांगितला. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं ते यान कुठेतरी खरंच बांधलंय. आणि ते बांधणारी माणसं आपल्याइथलीच असणार, कारण नाव व्योम आहे. म्हटलं, मग मलाही घेतील."

दादाला घेतलं नाही कोणी. दहावीला त्याला गणितात दीडशेपैकी एकशे चव्वेचाळीस मार्क होते. पण त्याच वर्षी बाबांचा गाळा सुटला. दादाने कॉमर्स घेतलं, सकाळचं कॉलेज आणि दुपारी एका दुकानात हिशोब लिहायचं काम. आज तो अकाऊंट्समध्ये आहे. माझी इंजिनियरिंगची चारही वर्षांची फी त्याच्या पगारातून गेली. पहिल्या वर्षी मी सिव्हिल की कॉम्प्युटर असा गोंधळ घालत होतो तेव्हा फॉर्मवर 'कॉम्प्युटर'समोर टिक त्याने केली होती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

चाहत्यांना नव्या सायन्स फिक्शन मालिकेत काय आवडतं, यावर पुष्कळ लिहिलं जातं. ग्राफिक्स, कथा, विज्ञान बरोबर की चूक. ते सगळं आहेच. पण बाबांना शांत राहणारा माणूस आवडला, सरांना घरी बनवलेला कॉम्प्युटर आवडला, दादाला तिथे आपलं नाव आवडलं. तिघांनीही त्या मालिकेत स्वतःला पुढे कुठेतरी उभं केलेलं बघितलं. ते यान पुठ्ठ्याचं आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही, आणि पडायची गरजही नव्हती.

कालच पुतणीने विचारलं, व्योमचा पुढचा भाग कधी लावायचा? मी म्हटलं, पुढच्या रविवारी. ती म्हणाली, "आत्ताच लाव ना, नेटवर आहे की!" दादा आतून ओरडला, "नाही! रविवारीच!"

अँटेना अजून गच्चीवर आहे. गंजलाय, आई त्याला कपडे वाळवायची दोरी बांधते. समोर रस्त्यावर आता मेट्रोचे खांब आहेत, पण त्याचं तोंड अजून वरळीकडेच आहे. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरही एखादा असेल. काढून टाकायच्या आधी, तो कोण धरून उभं राहायचं ते घरी एकदा विचारून बघा.