पकडलेला सूर

वाजविलेला सूर हवेत विरून जातो. तो पकडून पुन्हा पट्टीवर उमटविण्याची खटपट मात्र बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९६३ साली मेलोट्रॉन हे वाद्य तयार झाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबली की मुद्रित सूर निघे; पण सुमारे ८ सेकंदांत फीत संपे आणि सूरही थांबे.

१९७९ साली सिडनी येथे पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे संगणकवाद्य सिद्ध केले. त्यात सूर आकड्यांच्या रूपाने साठे आणि एकच नमुना साऱ्या पट्ट्यांवर वाजविता येई. परंतु नमुना जलद फिरविला की स्वर चढतो, तसा त्याचा अवधी आखडतो आणि रंगही पालटतो. सनईची पिपाणी होते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावरचे स्वर स्वतंत्र मुद्रित करून प्रत्येकास जवळच्याच पट्ट्या नेमून देणे भाग पडले. एवढ्या नमुन्यांना संगणकाची स्मृती अपुरी पडे. १९९८ साली गिगासॅम्पलर या प्रणालीने ते थेट तबकडीवरून वाचून ही अडचण दूर केली.

नमुने वाढले, तसे ते जुळविण्याचे कामही वाढले. अर्धस्वराचे १०० भाग कल्पून एकेक नमुना सुरात आणता येतो. शेजारचे दोन नमुने एकाच वाद्याचे वाटतात की नाही, याचा निवाडा मात्र कानच करतो.