पोलंडची आंबील आणि स्कॉटलंडची भाकरी



यंदा व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे दोन कामे सोपविली. एक, कामगारांच्या इतिहासावर चार शब्द बोलावे. आणि दुसरे, समारोपाच्या रात्री पन्नास माणसांच्या सहभोजनाची व्यवस्था पाहावी. संघटनेच्या कामात आमचे आयुष्य गेले. मोर्चाला माणसे जमविणे आम्हांस येते. पण जमलेल्यांना जेवू काय घालावे, हा प्रश्न बायकामंडळींवर टाकून आम्ही नेहमी मोकळे झालो, हे कबूल केले पाहिजे. या वेळी दोन्ही कामे एकत्र करण्याचे ठरविले. सिरसाळ्यात पोलंड आणि स्कॉटलंड या दोन देशांच्या पदार्थांची पंगत मांडावी, आणि एकेका पदार्थाच्या निमित्ताने इतिहास सांगावा, असा आमचा बेत आहे.

हा बेत ऐकून एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले, “अहो, परळी तालुक्याला पोलंडशी काय देणेघेणे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हांला पुस्तकात मिळण्यापूर्वी रस्त्यावर मिळाले. ऊसतोड कामगारांच्या कामासाठी कोल्हापूरकडे आमचे जाणे-येणे असते. तेथे गांधीनगर म्हणून कापडाची मोठी बाजारपेठ आहे. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधव तेथे वसले, हे आम्हांस ठाऊक होते. पण त्यांच्याही आधी तेथे दुसरे निर्वासित राहून गेले होते, हे आम्हांस तेथील एका चहावाल्याने सांगितले. त्या जागेचे तेव्हाचे नाव वळिवडे.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळले. १९४० व ४१ या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो माणसे आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडण्यात आली. पुढे हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष नव्या पोलिश फौजेत गेले. बायका, मुले आणि म्हातारीकोतारी इराणमार्गे वाट फुटेल तिकडे निघाली. त्यांतील सुमारे हजार मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे आसरा दिला. आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे कोल्हापूर संस्थानात वळिवड्याच्या छावणीत राहिली. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटकेही होत. जी माणसे परत जाऊ शकली नाहीत, त्यांच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत.

आता स्कॉटलंड. त्या देशाशी तर मराठी माणसाचा संबंध जुना. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉट. विल्सन कॉलेजला त्यांचेच नाव आहे. आपल्या शेजारच्या जालन्यात स्कॉटिश मिशनच्या वतीने काम करणारे नारायण शेषाद्री हे तर मराठीच. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसविली. आणि या दोन देशांचा आपसातही जुना घरोबा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोट भरण्यासाठी हजारो स्कॉट पोलंडमध्ये गेले आणि पाठीवर गाठोडे मारून खेडोपाडी माल विकू लागले. इतके, की पोलिश भाषेत ‘स्कॉट’ म्हणजे फेरीवाला असा अर्थ रूढ झाला. पुढे १९४० साली फ्रान्स पडल्यावर पोलिश सैनिक स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पहाऱ्याला उभे राहिले. एडिंबरोच्या विद्यापीठात १९४१ ते १९४९ या काळात पोलिश डॉक्टरांची स्वतंत्र शाळा चालली. युद्धानंतर कित्येक सैनिक तेथेच संसार थाटून राहिले. ज्या दाराशी आपले आजे-पणजे पोटासाठी गेले, त्या दाराची माणसे पुढे आपल्या दाराशी आली, असा हा हिशेब आहे. इतिहासात असा हिशेब क्वचितच पुरा होतो.

असो. आता पानाकडे वळू.

पहिला पदार्थ आंबील. श्रोते हसतील, पण पोलंडमध्ये राय नावाच्या धान्याचे पीठ पाण्यात भिजवून चार-पाच दिवस आंबवितात आणि त्याचे कढण करतात, त्याला ‘झुरेक’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ओटचे पीठ काढल्यावर कोंड्याला जो कण चिकटून राहतो, तोही वाया न घालविता भिजवून आंबवीत आणि शिजवून पीत. त्याला ‘सोअन्स’ म्हणत. आपण ज्वारीच्या पिठाची आंबील करतो, ती याच दोघींची बहीण. थंड देशात जे आंबायला चार दिवस लागतात, ते आपल्या वैशाखात एका रात्रीत आंबते, एवढाच काय तो फरक. या तिघींनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते. तरी युक्ती एकच निघाली, कारण अडचण एकच होती: धान्य थोडे, माणसे फार. आंबविल्याने थोडक्या पिठाला चव येते आणि ते पोटाला हलके पडते. हे शास्त्र प्रयोगशाळेत नव्हे, गरिबाच्या चुलीपाशी जन्मले.

दुसरा पदार्थ भाकरी. स्कॉटलंडच्या थंड, ओल्या जमिनीत गहू नीट येत नाही, ओट येतो. त्याच्या पिठाची भाकरी ते लोक लोखंडी तव्यावर भाजत आले. इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते डॉ. जॉन्सन यांनी १७५५ साली ओटचा अर्थ देताना, इंग्लंडात हे घोड्यांचे खाणे आणि स्कॉटलंडात माणसांचे, अशा आशयाचा टोमणा मारून ठेवला आहे. आम्हांस तो वाचून आपल्याकडची गोष्ट आठवली. जुन्या काळी आपल्याकडेही पाहुण्याच्या ताटात पोळी वाढणे हा मान आणि भाकरी वाढणे हा कमीपणा समजला जाई. आज डॉक्टरच ज्वारी खा म्हणून सांगतात, आणि शहरातल्या दुकानांत ओटही महागाने विकला जातो. गरिबाचे अन्न गरिबाच्या ताटात असते तोवर त्याला किंमत नसते! आमच्या पंगतीत ज्वारीचीच भाकरी राहील. स्कॉट पाहुणा आला तर त्याला ती परकी वाटणार नाही.

भाकरीबरोबर दोन रस्से. एक पोलंडचा ‘बार्श्च’, म्हणजे बीटाचे लालभडक आंबटसर सार. बीट परळीच्या बाजारात मिळते. दुसरा स्कॉटलंडचा, सातू, वाळलेले वाटाणे, गाजर आणि कांदा एकत्र शिजवून केलेला. त्यात ते मटण घालतात; आपल्याकडे माळकरी मंडळी आहेत, म्हणून बिनमटणाचे पातेले वेगळे ठेवू. स्कॉट लोकांचा मानाचा पदार्थ ‘हॅगिस’ मात्र आम्ही वगळला. मेंढीचे काळीज, हृदय आणि फुफ्फुस बारीक करून, ओटचा भरडा, कांदा व मसाला घालून, मेंढीच्याच कोठ्यात भरून तो उकडतात. ज्यांनी वजडी खाल्ली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मांसाचा चांगला भाग मालकाच्या घरी जातो आणि उरलेला भाग चवदार करण्याची विद्या चाकराच्या घरी राहते. पुढे रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीने त्यावर कविता केली, आणि आज त्याच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीस, स्कॉट लोक तो पदार्थ वाजतगाजत ताटात आणतात.

मग ‘पिएरोगी’. कणकेच्या पारीत उकडलेला बटाटा आणि ताजे चीज भरून, कडा दाबून, उकळत्या पाण्यात शिजवायचे. आपल्या माताभगिनी नागपंचमीला पुरणाची दिंडे करतात, त्यांचा हा तिखटमिठाचा भाऊ. चीजऐवजी आपण घट्ट चक्का घेऊ. बटाट्याची आठवण मात्र कडू आहे. १८४६ च्या सुमारास बटाट्यावर करपा पडला, तेव्हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि पोलंडच्या दक्षिणेकडील गॅलिशिया प्रांतात एकाच सुमारास दुष्काळ पडला. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे सुकडी आणि मिलो खाऊन माणसे जगली. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो; पण मिलोची चव आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की ती आमच्याच जिभेवर असल्यासारखी वाटते. त्या दुष्काळाने आपल्या भागातील किती कुटुंबांच्या हाती कोयता दिला, ते या सभेत सांगायला नको.

आणि आता शेवटचा पदार्थ, गोड. स्कॉटलंडचा ‘शॉर्टब्रेड’, म्हणजे नानखटाईचा भाऊबंद. त्याचे प्रमाण सोपे आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. पन्नास माणसांना अर्धा किलो साखर, एक किलो लोणी आणि दीड किलो मैदा पुरेल. यादीत साखर लिहिताना मात्र आमचा हात थांबला, कारण या दोन देशांना आणि सिरसाळ्याला जोडणारा खरा धागा हाच आहे.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक हे बंदर एके काळी साखर शुद्ध करण्याचे मोठे ठिकाण होते. वेस्ट इंडीजमधील गुलामांनी तोडलेल्या उसाची साखर तेथे येई. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी गेली. पण ऊस उभाच होता. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. दुसरीकडे, बीटापासून साखर काढण्याचा जगातील पहिला कारखाना आखार्ड या रसायनतज्ज्ञाने सायलेशियातील कुनर्न येथे उभारला. तेथे १८०२ साली साखर निघू लागली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे, कोनारी या नावाने. म्हणजे त्या लाल सारातील बीट आणि आपल्या शिवारातील ऊस हे एकाच धंद्यातील दोन भाऊ. यंत्रे बदलली, झेंडे बदलले, मालक बदलले. आपल्याकडे तर सहकाराने शेतकरीच मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण उसाच्या बुडाशी वाकलेली पाठ बदलली नाही.

एका कारखान्यावर हंगामाच्या प्रारंभी मोळीपूजन होते. मांडवात जिलेबीची पंगत बसली होती. ज्यांनी ती मोळी तोडून आणली, ती आपल्याकडची माणसे कोपीजवळ उभी होती. मंडळी उठल्यावर त्यांना उरलेले कागदावर देण्यात आले. आमच्यासोबत एक लहान मुलगी होती, तिने विचारले, “काका, साखर आपलीच ना?” संघटनेच्या कामात आम्ही अनेक निवेदने लिहिली, त्या प्रश्नाइतके नेमके वाक्य आम्हांस एकदाही लिहिता आले नाही.

स्कॉटलंडचे आहारतज्ज्ञ जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ साली दाखवून दिले, की ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातही फार मोठ्या भागाला पुरेसे सकस अन्न विकत घेता येत नाही. दोष अज्ञानाचा नसून मिळकतीचा आहे. ते पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे पहिले प्रमुख झाले आणि १९४९ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाच्या माणसाला शांततेचे पारितोषिक मिळावे, यात फार मोठे तात्पर्य आहे.

शेवटी वळिवड्याकडे येतो. पोलिश लोकांत नाताळच्या आदल्या रात्री बिनमांसाचे बारा पदार्थ करण्याची चाल आहे. मेजावरच्या कापडाखाली थोडे वाळले गवत पसरतात, आणि एक ताट जास्तीचे मांडतात. ते न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. ज्या घरचे बाप-भाऊ युद्धावर होते आणि ज्यांची माणसे सैबेरियाच्या बर्फात राहिली, त्यांनी पंचगंगेच्या खोऱ्यात ते रिकामे ताट मांडले असेल, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. हद्दपार झालेल्या पाच हजार परक्यांना महाराष्ट्राच्या मातीने पाच वर्षे जागा दिली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. त्याच मातीत दरवर्षी आपली माणसे कोप्या घालून राहतात. परक्याला जागा देणारी माती घरच्याला का देत नाही, हा प्रश्न त्या अभिमानाच्या पोटातच दडलेला आहे.

म्हणून चालकांना आमची एक सूचना आहे. आपण पन्नास पाने धरली आहेत. पोलिश चालीप्रमाणे एक पान जास्त मांडावे, आणि ते रिकामे न ठेवता, नुकतेच हंगाम आटोपून गावी परतलेल्या एखाद्या कोयत्याला मानाने बोलावून त्यावर बसवावे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आपल्या पंगतीत तो हिशेब चालणार नाही. तेव्हा पाने एक्कावन्न नव्हे, बावन्न मांडावी.