रमाबाई रानडे आणि स्त्रियांचे मत

१५ ऑगस्ट १९६२ रोजी पोस्टखात्याने रमाबाई रानडे यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट काढले. त्या काळी देशाची तिकिटे आपल्या नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. म्हणजे बाईंचा चेहरा या गावच्या कामगारांच्या हाताखालून गेलेला आहे. तरीही त्या कोण म्हणून विचारावे, तर 'न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी' एवढेच उत्तर येते; फार झाले तर पुण्याच्या सेवासदनाचे नाव निघते. १९२१ साली मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, त्या चळवळीचे पुढारपण त्यांच्याकडे होते, हे क्वचितच कोणी सांगतो. आम्ही कामगार संघटनेतली माणसे, आमचे वाचन शाळेबाहेरचे. हा हक्क त्यांनी मिळवला कसा, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

सांगली भागातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली जन्मलेली यमुना १८७३ साली लग्न होऊन 'रमाबाई' झाली. वय अकरा, अक्षरओळख नाही. माधवरावांनी शिकवावयास घेतले, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांनी छळावयास. हा छळ बाईंनी आपल्या आठवणींत कोठेही त्रागा न करता लिहिला आहे. १८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. येथील हायस्कुलातील समारंभात बाई पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या. भाषण यजमानांनी लिहून दिलेले होते, हे खरे. पण सोळा वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या सभेत उभे राहून तोंड उघडावे, हीच त्या दिवसांत मोठी गोष्ट होती. पुढे १८८४ साली पुण्यास हिराबागेत मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजी भाषण वाचले. त्याबद्दल घरी काय ऐकून घ्यावे लागले असेल, ते श्रोत्यांनीच ओळखावे.

१९०१ साली माधवराव गेले. १९०९ साली पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला आणि बाई अध्यक्ष. तेथे विधवांना, टाकलेल्या बायकांना लिहावाचावयास शिकवीत, शिवण शिकवीत, मास्तरीण करीत, नर्स करीत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागेल म्हणून नर्सिंगला नाक मुरडणारे गाव ते! आमच्या मते रमाबाईंच्या राजकारणाचे मूळ येथे आहे. ज्या बाईला महिन्याचे चार पैसे स्वतःचे मिळतात, ती सहीला घाबरत नाही आणि सभेला यावयास कोणाची परवानगी मागत बसत नाही. मागणी आधी आणि माणसे मागाहून, असा उद्योग आम्ही पुष्कळ पाहिला आहे. तो पहिल्या टाळेबंदीत मोडतो. बाईंनी दहा-बारा वर्षे माणसे जोडली आणि मग मागणी मांडली.

मागणीचा इतिहास थोडक्यात असा. १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूसाहेबांना भेटले. साउथबरो समितीने मागणी नाकारली. या देशाच्या चालीरीतींत ते बसत नाही म्हणे. १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. तरी त्या वर्षीच्या कायद्याने प्रश्न प्रांतांच्या गळ्यात घातला. कायदेमंडळाने ठराव केला तर स्त्रियांना मत, एरवी नाही. आणि ते कायदेमंडळ निवडले कोणी? पुरुषांनी. ज्यांना मत नाही त्यांनी, मत असलेल्यांनी निवडलेल्यांकडे, मत मागावयाचे! ही लढाई रमाबाईंनी साठीच्या उंबरठ्यावर अंगावर घेतली. १९२१ साली आधी मद्रासने व पाठोपाठ मुंबईने ठराव मंजूर केला. १९२३ च्या निवडणुकीत इलाख्यातील स्त्रियांनी मते दिली. पुढच्याच वर्षी बाई वारल्या.

आता आमच्या पोटातली गोष्ट. हे मत सर्व स्त्रियांचे नव्हते. जमिनीचा सारा, घराचे भाडे, प्राप्तीवरचा कर, अशा अटींत बसेल त्यालाच मत. आणि मिळकत तर पुरुषाच्या नावावर. सिन्नरला विड्या वळणारी बाई, गिरणीतली बाई, त्यांचे काय? काहीच नाही. आमच्यातले काही मित्र म्हणून हा हक्क सुखवस्तू बायकांचा म्हणून झटकून टाकतात. आम्हांला ते पटत नाही. विड्या वळणाऱ्या बाईच्या नवऱ्यालाही तेव्हा मत नव्हतेच. इंग्लंडातही १९१८ साली तिशीवरच्या व मिळकतीच्या अटींत बसणाऱ्या स्त्रियांनाच मत मिळाले. पुरुषांच्या बरोबरीने मिळावयास १९२८ उजाडले. कुलपे दोन होती, बाईपणाचे आणि गरिबीचे. रमाबाईंनी पहिले काढले. दुसरे काढण्याचे काम त्यांचे नव्हते, आमचे होते. आणि ते १९५० च्या राज्यघटनेपर्यंत रखडले.

दोन्ही कुलपे निघाल्यावरही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतली. यादी करणारा दारात आला तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मानल्या नाहीत. त्यांतल्या पुष्कळ जणींनी १९५७ च्या निवडणुकीपर्यंत आपली नावे नोंदविली.