तळघर, शेजार आणि घरमालकाचे दायित्व

चंदीगड ज्या गावांच्या जमिनींवर वसले ती गावे मुळात अंबाला जिल्ह्यातील खरड तहसिलीत मोडत होती. खुद्द खरड मात्र पुढेही बराच काळ लहान कसबाच राहिले आणि मोहालीची वाढ वेशीला येऊन भिडल्यावरच तेथील शेतांत सदनिका व दुकानांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहू लागल्या. जागेचे भाव चढले की मालक जमिनीखाली उतरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये खरड-लांडरां रस्त्यावर लगतच्या भूखंडात जेसीबीने खोदकाम चालू असताना तीन मजली इमारत कोसळली आणि जेसीबीचा चालक ढिगाऱ्याखाली मरण पावला.

अशा नुकसानीची भरपाई कोणी द्यावी, हा वाद जुना आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एका मालकाने (हा मालक सरकारी बांधकाम खातेच होते) कंत्राटदाराकरवी घर पाडून जमीन खणली, तेव्हा शेजारचा घोडागाड्यांचा कारखाना ढासळला. त्या दाव्यात १८८१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की आधाराचा हक्क, म्हणजे शेजारच्या मातीने आपली इमारत पेलून धरावी हा हक्क, वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळतो आणि काम कंत्राटदारावर सोपवल्याने मालक मोकळा होत नाही. पुढल्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात वीस वर्षांची हीच अट आली. खरड ज्या राज्यात आहे त्या पंजाबला तो अधिनियम लागू केला गेला नसला तरी तेथील न्यायालयांनी त्याची तत्त्वे मानली. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळून झालेल्या मृत्यूंबाबत १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर दोष दडलेला होता ही मालकाची सबबही नाकारली.

कायद्याने घरमालकाला असे बांधून घेतले, पण विमा सक्तीचा केला तो १९४६ पासून मोटारींना आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९९१ च्या कायद्याने, घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना. घरमालक मधल्यामध्ये राहून गेला. एप्रिल २०२१ पासून विकली जाणारी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी जमीन खचण्याचे संरक्षण देते, मात्र खोदकामामुळे ती खचल्यास देत नाही, आणि नेमका खरडमधला धोका तोच आहे. शेजाऱ्याला द्यावयाच्या भरपाईसाठी वेगळा दायित्व विमा लागतो. त्याची मर्यादा संपल्यावर वरची रक्कम उचलणारी अमेरिकी धर्तीची 'अंब्रेला' पॉलिसी उपयोगी खरी, तथापि ती मूळ दायित्व विम्यावरच उभी राहते. त्यामुळे तळघर खणणाऱ्या मालकाला आधी बांधकामाचाच विमा तपासावा लागतो, कारण त्यात त्रयस्थांच्या नुकसानीचे कलम असले तरी शेजारच्या इमारतीचा आधार निघून झालेली हानी स्वतंत्र जोडकलम घेतल्याशिवाय सहसा धरली जात नाही.