महारोहिणीविस्फाराची तपासणी व तिच्या हजेरीची मोजणी

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस गणतीच्या यादीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. नेमणुकीचे स्वार किती व प्रत्यक्ष हजर किती, हे दोन आंकडे शेजारीं नसतील तर एकट्या हजेरीवरून पथकाचें बळ ठरवितां येत नाहीं. हाच न्याय आधुनिक वैद्यकांतील एका हिशेबास लावून पाहण्याचा येथें विचार आहे. वृद्ध पुरुषांच्या पोटांतील महारोहिणी तपासण्यासाठीं बोलाविलें असतां किती जण आले, हा तो हिशेब होय.

महारोहिणी म्हणजे हृदयापासून निघून पाठीच्या कण्यालगत पोटांत उतरणारी मुख्य रक्तवाहिनी. उतारवयांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत, तिची भिंत सैल पडून फुगवटा येतो. त्यास रोहिणीविस्फार म्हणतात. तो बहुधा दुखत नाहीं, आणि फुटला म्हणजे बहुतेक रोगी दगावतात. सुश्रुताच्या निदानस्थानांत अकराव्या अध्यायीं सिराजन्य ग्रंथि वर्णिली आहे, ती हीच असें कांहीं विद्वान् म्हणतात. परंतु तें वर्णन इतकें संक्षिप्त आहे कीं त्यावर एवढा भार घालूं नये, असें आम्हांस वाटतें. स्पष्ट पुरावा वेसालियसचा. त्यानें इ. स. १५५५ मध्यें ऑग्सबर्ग येथें लेओनहार्ट वेल्झर याच्या पाठींतील ठोके देणारी गांठ विस्फाराची असल्याचें सांगितलें, व १५५७ मध्यें शवविच्छेदनानें तें खरें ठरलें. निदान झालें, पण उपाय नव्हता. पॅरिस येथें शार्ल द्युबो यानें १९५१ सालीं उदरांतील विस्फार कापून काढून त्या जागीं मृत देहांतील रोहिणी जोडली, तेव्हांपासून आगाऊ शोध घेण्यास अर्थ आला; पुढें सोनोग्राफीनें तो शोध कांहीं मिनिटांचा व वेदनारहित केला.

आतां याद्यांकडे वळूं. इंग्लंडांतील चिचेस्टर येथील प्रयोगांत (वृत्तांत १९९५) ६५ ते ८० वर्षांच्या ७,८८७ जणांस बोलावणें गेलें व ५,३९४ आले. प्रमाण शेंकडा ६८.४. पुढें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री प्रयोगांत ६५ ते ७४ वर्षांच्या ३३,८३९ पुरुषांस पत्रें गेलीं, २७,१४७ आले. प्रमाण शेंकडा ८०. वरवर पाहतां लोकांची आस्था वाढली असें वाटेल. पण पहिल्या यादींत स्त्रियाहि होत्या, आणि दुसरींतून अत्यवस्थांचीं नांवें कुटुंबवैद्यांनीं आधींच गाळलीं होतीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांत तर एकाच प्रयोगांतून दोन शेंकडे निघतात. तेथें मतदारयादीवरून नांवें घेतलीं होतीं. १९,३५२ पैकीं १२,२०३ आले, म्हणजे शेंकडा ६३. जीं नांवें यादींत धरणें योग्य नव्हतें तीं वजा केल्यावर २००४ च्या वृत्तांतांत प्रमाण ७० दिलें आहे. एकहि माणूस अधिक आला नाहीं. केवळ छेद लहान झाला. दोन्ही आंकडे खरे आहेत, मात्र कोणता कोठून आला हें लिहिलें पाहिजे.

ही केवळ गणिताची बाब नव्हे. वर सांगितलेल्या बहुकेंद्री प्रयोगांत चार वर्षांच्या सुमारास न बोलाविलेल्यांपैकीं ११३ जण विस्फारानें मेले, बोलाविलेल्यांपैकीं ६५. म्हणजे मृत्यु शेंकडा ४२ नीं घटले. प्रत्यक्ष आलेल्यांपुरता हिशेब केला तर घट ५३. या दोन आंकड्यांतील अंतर म्हणजे न आलेल्यांनीं गमावलेला लाभ. म्हणून न आलेल्यासहि हिशेबांत धरणारा ४२ हाच आंकडा आम्ही प्रमाण मानतों.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनें ही तपासणी २००९ मध्यें सुरू केली व २०१३ पर्यंत देशभर नेली. पुरुष ६५ वर्षांचा होतो त्या वर्षीं त्यास पत्र जातें. महारोहिणीची रुंदी ३ सेंटिमीटरांहून कमी भरली तर पुन्हां येणें नको, ५.५ वा अधिक भरली तर शस्त्रवैद्याकडे रवानगी. नांवें येतात तीं कुटुंबवैद्यांच्या पटावरून. ज्याचें नांव कोणत्याच पटावर नाहीं, त्यास पत्रहि नाहीं आणि तो गैरहजरहि नाहीं! उलट ६५ वर्षांवरील ज्यास पूर्वीं पत्र गेलें नाहीं तो आपण होऊन येऊं शकतो. त्यास निमंत्रितांच्या हजेरींत मिळविलें तर अंश वृथा फुगतो.

एकंदर प्रमाण शेंकडा ८० च्या आसपास असे, व तें समाधानकारक दिसे. परंतु पहिल्या कांहीं वर्षांच्या नोंदी वस्तीवार लावल्या, तेव्हां सर्वांत संपन्न वस्त्यांत शेंकडा ८४ व सर्वांत दरिद्री वस्त्यांत ६५ च्या आसपास हजेरी निघाली. आणि विस्फाराचें प्रमाण मात्र दरिद्री वस्त्यांतच अधिक. ज्या घरीं पत्राची गरज अधिक, तेथेंच तें अधिक वेळां निरुत्तर राहिलें. ज्या अहवालांत केवळ सरासरी छापिली असेल त्यांत हा भेद शोधूनहि सांपडणार नाहीं; त्यासाठीं वस्तीवार कोष्टकच मागवावें लागतें.